अध्यक्ष उदंड, संपादक कुठे?

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी साहित्य मेळावा होता. चहाच्या वेळी एका तरुणाने आमच्या हातात आपले कार्ड ठेवले. नावाखाली तीन ओळी छापलेल्या : कादंबरीकार. संपादक. लेखन-मार्गदर्शक. कादंबरी एकच, तीही आठ महिन्यांपूर्वी निघालेली. आम्ही सहज विचारले, "तुमच्या कादंबरीचे संपादन कुणी केले?" तो म्हणाला, "सर, मीच केले. आता दुसऱ्यांच्याही करतो. पुढच्या महिन्यात तीन दिवसांची कादंबरी-कार्यशाळा आहे. उद्घाटनाला तुम्ही यायचे."

आजूबाजूचे चारदोन जण हसले. आम्हाला हसू आले नाही. त्या पोराच्या कार्डात खोटे काही असेल तर ते त्याने एकट्याने छापलेले नव्हते. त्याची शाई आम्हीच पुरवली आहे. गेली तीस-पस्तीस वर्षे आम्ही मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ म्हणून जे काही उभे केले, त्यात व्यासपीठ आहे, बॅनर आहे, स्वागताध्यक्ष आहे, शाल आणि श्रीफळ आहे. एका गोष्टीची मात्र आम्ही कधी सोय केली नाही. नव्या लेखकाचा खर्डा हातात घेऊन, दिव्याखाली बसून, तो ओळीओळीने वाचणारा माणूस आम्ही तयार केला नाही. म्हणून आज आमच्याकडे अध्यक्ष उदंड आहेत आणि संपादक शोधूनही सापडत नाही. आणि जिथे संपादक नसतो, तिथे जो तो स्वतःला मार्गदर्शक म्हणवून घेतो.

१९९० साल आमच्या पिढीला विसरता येणार नाही. त्या वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. यू. म. पठाण होते. मराठी ही आमचीही भाषा आहे, हे सांगण्याची गरज तेव्हा होती आणि आम्ही ते ठणकावून सांगितले. प्रस्थापितांनी आमची दखल घ्यावी म्हणून भांडलो. ते भांडण खरे होते, आजही संपलेले नाही. पण दखल घेण्यासारखे काय लिहिले, हा प्रश्न आम्ही स्वतःला किती वेळा विचारला? कविता भरपूर आली. वैचारिक लेख भरपूर आले. आत्मकथने आली. कादंबऱ्या मात्र बोटांवर मोजाव्या लागतात.

याचे कारण प्रतिभा कमी आहे असे नाही. कविता एका रात्रीत लिहिता येते, मेळाव्यात वाचता येते, टाळी जागेवरच मिळते. कादंबरीला तीन वर्षे लागतात. त्या तीन वर्षांत लेखकाजवळ कुणीतरी असावे लागते. वहीच्या दीडशेव्या पानावर कथानक रुतून बसते, तेव्हा 'गाडी बाराव्या पानावरच चुकली होती' हे सांगणारा कुणीतरी लागतो. तो आमच्याकडे नाही.

हमीद दलवाईंच्या राजकीय-सामाजिक भूमिकेशी आमच्यातल्या अनेकांचे मतभेद आहेत, आणि ते या अंकाच्या पानांवरून मांडले गेले आहेत. पण कादंबरीचा विषय निघाला की १९६५ सालच्या 'इंधन'पाशी थांबावेच लागते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस एकदम कादंबरीकडे गेला नाही. आधी कथा लिहिल्या, 'लाट' हा संग्रह आला, त्यानंतर 'इंधन'. पोटासाठी पत्रकारिता केली. १९७७ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले आणि मागे कादंबरी एकच राहिली. त्या एका कादंबरीने कोकणातले मुस्लिम गाव मराठी साहित्यात आणले. आणि आम्ही? त्यांच्या नावाने भांडलो, त्यांच्या विरोधात भांडलो, पण तसा दुसरा कादंबरीकार घडावा म्हणून एक खोली, एक टेबल आणि एक वाचणारा माणूस उभा केला नाही.

आता आमच्या स्वतःच्या गुन्ह्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका मुलीने कादंबरी लिहिली. ती खासगी शाळेत शिकवायची. घर पिंजाऱ्याचे. आजोबा खांद्यावर कमान टाकून गावोगाव फिरायचे, कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. फोमच्या गाद्या आल्या आणि ती कमान माळ्यावर गेली. बाप हमाली करू लागला. ही त्या घराची गोष्ट होती. घरात दखनी, दारात मराठी, मदरशात उर्दू, शाळेत पुस्तकी भाषा : अशा चार भाषांमधून वाट काढणारी एक मुलगी त्यात होती. एका कार्यशाळेत ती गेली. तीन दिवस, तीन हजार रुपये, शेवटी प्रमाणपत्र. तिथल्या 'मार्गदर्शकां'नी तिला एका प्रकाशकाकडे पाठवले. प्रकाशकाने चाळीस हजार मागितले. आईच्या पाटल्या विकून तिने ते भरले. पाचशे प्रती छापू म्हणाले, घरी आल्या दोनशे.

पैशांचे दुःख एका बाजूला ठेवू. आत काय केले ते पाहा. तिची आजी नातीला म्हणते, "इत्ता शाणपन नको गे बेटी." छापील पुस्तकात आजी म्हणते, "बेटी, इतनी होशियारी अच्छी नहीं." गावातल्या माणसांचा साधा 'सलाम' जाऊन तिथे 'आदाब' आला. नऊवारी नेसणारी आजी मुखपृष्ठावर बुरख्यात शिरली. मागे मिनार, वर चंद्रकोर. पिंजाऱ्याच्या कमानीचे चित्र कुठेच नाही. ज्याने हे 'संपादन' केले त्याने मुसलमान फक्त सिनेमात पाहिलेला होता. आणि हा माणूस परका नव्हता. आमच्याच मेळाव्यांत वावरणारा, आमच्याच व्यासपीठावर सत्कार झालेला होता.

या पुस्तकाला प्रस्तावना कुणाची होती? आमची. हस्तलिखिताची वीस पाने आम्ही वाचली होती. 'मुस्लिम स्त्रीच्या वेदनेचा हुंकार' असे काहीतरी लिहून मोकळे झालो. प्रकाशन समारंभाला प्रमुख पाहुणे म्हणून गेलो, शाल घेतली, भाषण केले, बिर्याणी जेवलो. पुढे दोन वर्षांनी पुस्तक आणि मूळ वही शेजारी ठेवून वाचली, तेव्हा आम्हाला कळले की आपण कशावर सही केली होती. ती मुलगी आम्हाला 'सर' म्हणायची. त्या शब्दाची लाज वाटावी असा तो दिवस होता.

म्हणून आज हे लिहितो आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : ज्याच्या स्वतःच्या खर्ड्यावर कधी दुसऱ्याची लाल शाई फिरली नाही, त्याने दुसऱ्याच्या खर्ड्याला हात लावू नये. आणि ज्याने एकही हस्तलिखित पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तडीस नेले नाही, त्याने मार्गदर्शक म्हणून फलक लावू नये. आधी शागीर्द, मग लेखक, मग संपादक, आणि सर्वांत शेवटी उस्ताद. या पायऱ्यांचा क्रम उलटा केला की साहित्याचे दुकान होते.

'उस्ताद' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. उर्दू शायरीत 'इस्लाह' नावाची रीत होती. शागीर्दाने गझल पाठवायची, उस्तादाने शब्द बदलून, ओळ खोडून, कधी सगळीच नापसंत करून परत पाठवायची. तरुणपणी इक्बालने आपल्या गझला दागकडे टपालाने पाठवून अशी दुरुस्ती करून घेतली होती. इक्बालला ज्याची गरज वाटली, त्याची आमच्या आजच्या कादंबरीकारांना गरज नाही! मराठीतही ही परंपरा आपलीच आहे. जेजुरीच्या शिकलगार घराण्यातले शाहीर सगनभाऊ पुण्याच्या रामा गोंधळ्याचे शिष्य. मुसलमान शिष्य, गोंधळी गुरू, आणि मधे लावणीचा कागद. 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या शेख महंमदांनीही चांद बोधल्यांचे शिष्यत्व पत्करले होते. धर्म विचारून विद्या दिली जात नव्हती आणि तीन दिवसांत प्रमाणपत्रही मिळत नव्हते.

आधुनिक मराठीत हेच काम 'सत्यकथा'च्या टेबलावर झाले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवायचे ती पत्रासह. कुठे काय फसले, कुठे पुन्हा लिहावे, हे त्या पत्रात असायचे. त्या दोघांना लोक ओळखतात ते इतरांच्या लेखनात घातलेल्या घामासाठी. पण त्याच 'सत्यकथे'ची १९६९ साली तरुण बंडखोरांनी होळी केली, हेही विसरू नये. त्या टेबलावरची रुची एका विशिष्ट वर्गाची आहे, आमचे जगणे आणि आमची भाषा तिथे मावत नाही, असा त्यांचा राग होता. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडली.

दलित साहित्य मात्र केवळ होळी करून थांबले नाही. औरंगाबादला प्राध्यापकी करता करता गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले, आणि ते दशकानुदशके चालवले. खेड्यापाड्यांतून आलेली पाने वाचली, पत्रे लिहिली, लेखक-वाचक मेळावे घेतले, पिढ्या उभ्या केल्या. तिकडे दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांच्या 'ग्रंथाली'ने १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' काढले. म्हणजे विद्रोहालाही संपादक लागला. आम्ही दलित साहित्याकडून विद्रोहाचा शब्द घेतला, संमेलनाचा मांडव घेतला. पानतावण्यांचे टेबल घ्यायला विसरलो.

यावर आमचेच जुने मित्र तीन आक्षेप घेतात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप : लेखक जन्मावा लागतो, शिकवून होत नाही. खरे आहे. पण जन्मलेल्या मुलालाही चालायला कुणीतरी बोट द्यावे लागते. आणि हा युक्तिवाद करणारे बहुतेक जण कुणाचा खर्डा वाचायचा कंटाळा आला की तो करतात, हा आमचा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप : संपादक म्हणजे सेन्सॉर; तो आमची भाषा मारील. पिंजाऱ्याच्या मुलीच्या पुस्तकाचे उदाहरण देऊन हा आक्षेप आमच्याच तोंडावर फेकता येईल. पण तिची भाषा ज्याने मारली तो संपादक नव्हताच. खरा संपादक काय करतो? पहिल्या फेरीत तो एकही शब्द बदलत नाही. सगळे वाचतो, प्रत्येक प्रकरणात काय घडले ते चार ओळींत लिहून काढतो, पात्रांची वये आणि सणावारांचे महिने जुळवून पाहतो. मोहरम आणि ईद उन्हाळ्यात दाखवायची असेल तर ते कोणते साल आहे, हे त्याला तपासावे लागते, कारण चांद्र वर्ष दरसाल दहाअकरा दिवसांनी मागे सरकते. मग तो लेखकाला पत्र लिहितो. दुसऱ्या फेरीत वाक्ये येतात. इथे तो घरच्या बोलीतल्या शब्दांची यादी करतो : 'हमना', 'नको', 'गे' कसे लिहायचे हे लेखिकेला विचारतो आणि पुस्तकभर तसेच राखतो. तिसरी फेरी मुद्रितशोधनाची. तिन्ही फेऱ्यांत शेवटचा शब्द लेखकाचा. अशा संपादकाच्या हाती 'शाणपन' सुरक्षित राहिले असते. उलट त्यानेच त्या मुलीला सांगितले असते, 'आजीला आणखी बोलू दे.'

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आहे : साहित्य ही सेवा आहे, संपादनाचे आणि मार्गदर्शनाचे पैसे कसले घ्यायचे? हे म्हणणाऱ्यांत निवृत्तिवेतन घेणारे प्राध्यापक जास्त असतात. आम्हीही त्यातलेच. दागसारखा उस्ताद निजामाच्या दरबारातून तनखा घेत होता. उस्तादालाही पोट असते. एका कादंबरीचा हिशेब करा. तीनशे रुपये किंमत, पाचशे प्रती, दहा टक्के रॉयल्टी. सगळ्या प्रती विकल्या गेल्या, तरी लेखकाच्या हाती पंधरा हजार येतात. तीन वर्षांच्या कामाचे महिन्याला सव्वाचारशे रुपयेही पडत नाहीत. तेव्हा ज्या तरुणाला लेखणीवर जगायचे आहे, त्याला संपादन, मुद्रितशोधन, अनुवाद, मार्गदर्शन यांतूनच मीठभाकरी काढावी लागणार. त्याने ती जरूर काढावी. 'करिअर' या शब्दाला आमचा विरोध नाही. फुकट काम करा म्हटले की चांगला माणूस थकून निघून जातो आणि मागे फक्त भामटा उरतो. तो पैसे वेगळ्या वाटेने काढतो.

पैसे घ्यावेत, पण कामाचे घ्यावेत. प्रमाणपत्राचे घेऊ नयेत. किती पाने, किती फेऱ्या, किती महिने आणि किती रुपये, हे आधी कागदावर लिहून द्यावे. पुस्तक छापून देण्याचे आश्वासन संपादनाच्या पैशात मिसळू नये. आणि ज्या प्रकाशकाकडून आपल्याला दलाली मिळते, त्याच्याकडे शागिर्दाला पाठवू नये. ही साधी हलाल-हरामची गोष्ट आहे, तिला मोठे तत्त्वज्ञान लागत नाही.

आमच्या तरुणांना फसवले जाते ते माहितीच्या अभावी. म्हणून चार गोष्टी इथेच लिहून ठेवतो. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. त्याचे वेगळे पैसे मागणारा प्रकाशक पहिल्याच पायरीवर उघडा पडतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. 'सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे' या ओळीखाली सही करणारी आमची मुले आपल्या नातवंडांची मिळकत लिहून देत असतात. शिवाय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. आईच्या पाटल्या विकण्याआधी तिथे अर्ज करावा. हे त्या मुलीला सांगायला हवे होते. आम्हाला ते माहीत होते. आम्ही प्रस्तावना लिहिण्यात गुंतलो होतो.

आता नुसती तक्रार करून थांबायचे नाही. या वार्षिकाचे संपादक मंडळ आणि संमेलनाचे आयोजक यांच्यापुढे आम्ही एक मागणी ठेवतो. दरवर्षी फक्त तीन हस्तलिखिते घ्या. तीसची हाव नको. प्रत्येक हस्तलिखितामागे एक जाणता वाचक द्या. त्याला संमेलनाच्या खर्चातून मानधन द्या. एका वेळच्या मांडवाच्या आणि ध्वनिक्षेपकाच्या खर्चात हे सहज बसेल. एक वर्ष काम चालू द्या. पुस्तक निघाले तर आतल्या पानावर लेखकाच्या नावाखाली संपादकाचे नाव छापा, म्हणजे शाबासकी आणि शिव्या दोन्ही त्याला मिळतील. नाही निघाले तर तेही सांगा. आणि तरुणांपैकी ज्यांना पुढे हेच काम करायचे आहे, त्यांना या टेबलाजवळ उमेदवारीला बसवा. त्यांनी आधी मुद्रिते तपासावीत, प्रकरणांचे सारांश लिहावेत, स्वतःची कादंबरी दुसऱ्याकडून खोडून घ्यावी. पाच वर्षांनी त्यांच्या कार्डावर 'संपादक' छापले गेले, तर आम्ही स्वतः ते चार लोकांना दाखवू.

एखाद्या वर्षी संमेलन झाले नाही तरी चालेल. उद्घाटक, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे यांच्याविना साहित्य मरत नाही. वाचणाऱ्याविना मरते.

कार्यशाळेच्या उद्घाटनाला आम्ही गेलो नाही. त्या तरुणाला निरोप दिला की कार्ड बाजूला ठेव आणि तुझ्या दुसऱ्या कादंबरीची पहिली शंभर पाने घेऊन ये. तो रागावला असे कळले. पण मागच्या महिन्यात आला. पिशवीत पाने होती. कार्डाबद्दल तो बोलला नाही, आम्हीही विचारले नाही. सध्या एकोणतिसाव्या पानावर आहोत.

पिंजाऱ्याच्या मुलीकडेही जाऊन आलो. तिच्या आईने चहा केला, बसा म्हणाली. माळ्यावर कमान होती, तिच्याशेजारी न विकलेल्या पुस्तकांचे पोते होते. आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, "सर, जाऊ द्या." तिने दुसरी कादंबरी लिहायला घेतली आहे, वही कपाटात आहे, हे तिच्या धाकट्या भावाकडून कळले. आम्ही वही मागितली नाही. ज्याने वीस पाने वाचून प्रस्तावना लिहिली, त्याच्या हाती तिने ती द्यावी तरी का? ती वही निर्धास्तपणे ज्याच्या हवाली करता येईल असा एक माणूस आधी आमच्यात तयार व्हायला हवा. तो होईपर्यंत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आम्हाला कुणी मत मागू नये.